दुपारचा डाव

१

मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी घराबाहेर पडणारी माणसं दोनच प्रकारची. एक लग्नपत्रिका वाटणारी, दुसरी डोकं फिरलेली. नूपुर दोन्हींत मोडत नव्हती. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची भाड्याची खोली होती, खोलीला एकच खिडकी, खिडकीत कूलर, आणि कूलरच्या झोतात लॅपटॉप घेऊन बसलेली ती. त्या घरघरीपलीकडे जगात काही चालू असेल तर तिला ऐकू येत नसे. जगालाही तिचं काही ऐकायचं पडलेलं नव्हतं.

संगणकाचं व्हायरसपासून रक्षण करणाऱ्या एका कंपनीसाठी ती मराठीत मदतीची पानं लिहायची. वर्म म्हणजे काय, ट्रोजन घरात कसा शिरतो, कीलॉगर तुमची बोटं कशी टिपून घेतो. तिच्या वरचे कृष्णकांत सर निवृत्तीला टेकलेले, आणि इंग्रजी शब्द दिसला की त्यांच्या अंगावर पुरळ उठायचं.

"वर्मला कृमी लिही," ते फोनवर म्हणाले होते. "आणि मालवेअरला दुष्टाज्ञावली."

"सर, 'तुमच्या संगणकात कृमी आढळले' असं वाचून लोक जंताचं औषध घेतील."

त्यानंतर सरांचा फोन आला नव्हता. म्हाताऱ्या माणसांशी बोलणं म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टचं बटण दाबत राहणं, असं नूपुरचं ठाम मत होतं.

त्या आठवड्यात ती एका जुन्या, चिवट जातीवर लिहीत होती. साधा व्हायरस फाइलला चिकटला की फाइल फुगते, आणि फुगली की तो पकडला जातो. ही जात फुगवत नाही. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मोकळ्या जागा असतात, काहीच न लिहिलेल्या. हा व्हायरस स्वतःचे तुकडे करून त्या पोकळ्यांमध्ये बसतो. फाइल तेवढीच राहते, काम पूर्वीसारखंच करते. मालकाला कधीच कळत नाही की आत आणखी कोणी राहतंय.

शेवटचं वाक्य तिने वाचलं आणि खोडलं. उगाच भुताखेतासारखं वाटत होतं.

मग रोजच्यासारखी तिने पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडली. त्या खिडकीत जुन्या नागपुरातल्या महाल भागातला बाबांचा संगणक दिसायचा.

२

बाबा, म्हणजे गोपाळराव, पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. आई, पुष्पलता, दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तेव्हापासून महालातल्या त्या दोन खोल्यांत ते एकटेच होते. रामदासपेठेहून महाल काही लांब नाही. पण नूपुर महिन्यातून एकदा जायची, आणि गेली की चहाचा कप अर्धा असतानाच भांडून यायची. स्थळं, तिचे कापलेले केस, रोजचा बाहेरचा डबा. भांडायला विषय लागत नसे.

फोनवरही तेच. बाबा दिसेल त्या जाहिरातीवर क्लिक करत, संगणक आजारी पाडत, आणि तिला हाक मारत.

"बाबा, डाव्या कोपऱ्यात बघा."

"कोणाच्या डाव्या? माह्या का त्याच्या?"

"स्क्रीनच्या हो!"

"चिडते काहून? तुह्या आईवर नसती चिडली अशी."

एकदा वैतागून तिने त्या संगणकात दूरवरून आत शिरण्याचं सॉफ्टवेअर टाकलं. बाबांनी काही दाबायला नको, काही विचारायला नको. तिने इकडून जावं, झाडलोट करावी आणि निघावं. मागचं दार उघडं ठेवू नका म्हणून ती लोकांना दिवसभर लिहून सांगायची. बापाच्या घराला ते तिनेच पाडलं होतं. पासवर्ड काय, तर आईचं नाव.

झाडलोट होईपर्यंत बाबा पत्ते खेळताना दिसत. संगणकावरचा, एकट्याने खेळायचा डाव. पडद्यावर पांढरा बाण फिरायचा, पत्ता उचलायचा, ठेवायचा. नूपुरला त्याची सवय झाली. बाण हलतोय म्हणजे बाबा आहेत. उठलेत, न्हाले असतील, तब्येत बरी असेल. फोन करायची गरज नाही. हळूहळू तिने फोन करणंच सोडलं, आणि बाबांचेही फोन थांबले. याचं तिला बरंच वाटलं. शिकले एकदाचे एकटं राहायला, असं ती मनाशी म्हणाली.

३

बाबांचा बाण म्हातारा होता. थरथरत निघायचा, पत्त्याच्या पुढे जायचा, मागे यायचा. बाबा लालवर लाल ठेवायला जायचे आणि पत्ता उडी मारून परत जाग्यावर यायचा, तेव्हा नूपुर इकडे एकटीच हसायची.

दिवाळीनंतर कधीतरी बाण सरळ चालायला लागला. निघाला की थेट पत्त्यावर. लालवर लाल आता कधीच जात नसे. हात बसला म्हातारबुवांचा, एवढंच तिच्या मनात आलं.

मग एका दुपारी डाव मध्येच थांबला. पांढरा कोरा कागद उघडला आणि त्यावर एकेक अक्षर उमटलं.

जेवण झालं का?

नूपुर डबा उघडतच होती. तिचा घास हातात राहिला. आई गेल्यापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी तर मुळीच नाही. ते बोलण्याआधी खाकरून स्थळाचा विषय काढणारे. तिला उत्तर टाइप करता आलं असतं. पण तिने घास परत डब्यात ठेवला. रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली, "झालं. डबाच. नेहमीचाच."

कोऱ्या कागदावर बाण जरा वेळ थांबला. ऐकल्यासारखा. मग कागद मिटला आणि डाव पुढे चालू झाला.

तेव्हापासून तो प्रश्न रोज यायला लागला. ती रोज तोंडाने उत्तर द्यायची. कधी दोन शब्द जास्त. भाजीत तेल फार होतं. घरमालक पुन्हा बोलला. आज उगाच रडू आलं. टाइप काही तिने केलं नाही. टाइप केलं असतं तर बाबांना कळलं असतं की ती रोज वाट बघते.

बाबांच्या तोंडी हे 'जेवली का वं' झालं असतं, मग लिहिताना एवढे शुद्ध कसे, हे एकदा तिच्या मनात येऊन गेलं. कारकुनाचा हात, तिने स्वतःला सांगितलं. लेखणी धरली की खाकी फाइलच निघणार.

४

त्या दिवशी बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. कोपऱ्यातल्या खिडकीत डाव रंगात आला होता. बाणाने बदामची राणी उचलली आणि इस्पिकच्या राजावर नेऊन ठेवली, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात बाबा उभे होते. डोक्याला पंचा गुंडाळलेला, चेहरा तांब्यासारखा झालेला, हातात जवसाच्या चटणीची बरणी.

"तुम्ही? अशा उन्हात?"

"खिशात कांदा आहे." त्यांनी शर्टाचा खिसा थोपटला. "लू नाही लागत."

"मग खालचा दवाखाना कशाला आहे? तिथेही कांदेच ठेवायला सांगते."

"आल्या आल्या सुरू झाली. पाणी तं दे आधी." ते आत आले, इकडेतिकडे पाहू लागले आणि कसनुसं हसले. "म्हटलं, तू रोज आपल्या घरी येते, आपण काहून नाही जावं? निघालो तेव्हा तू खेळूनच राहिली होती. म्हटलं, चूपचाप जाऊ, मागं उभं राहून पाहू. खेळताना अजून ओठ चावते का, आईसारखी."

नूपुरच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "कोण येतं रोज तुमच्या घरी?"

"नाटकं नको करू वं. पत्ते खेळाले नाही येत तू?"

त्यांनी हसत लॅपटॉपकडे बोट केलं. ते बोट तसंच हवेत राहिलं.

खिडकीत डाव चालू होता. बाण सरळ रेषेत निघाला, त्याने किलवरची दुर्री उचलली, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि ती चौकटच्या तिर्रीवर ठेवली.

"हे मग कोण खेळून राहिलं?" बाबांनी विचारलं.

दोघंही लॅपटॉपपासून चार हात लांब उभी होती.

"घरी कोण आहे, बाबा?"

"कोण राहीन? कुलूप लावून आलो." त्यांनी किल्ली काढून दाखवली. ती दाखवताना त्यांचा हात थरथरत होता, त्यांच्या जुन्या बाणासारखाच.

५

"रिमोट ॲक्सेस ट्रोजन," स्कूटीवर बसता बसता नूपुर म्हणाली. नाव ठेवता आलं की अर्धी भीती जाते, असं तिला वाटायचं. "दूर कुठेतरी बसलेला माणूस आपलं मशीन चालवतो. चोर आहे, बाबा. बँकेचं काय आहे त्यावर?"

"माही बँक पासबुकात आहे."

"मग काय आहे त्यावर?"

"तुह्या आईचे फोटो," बाबा मागून म्हणाले. "अन् पत्ते."

दिवाळीपासून रोज दुपारी नुसते पत्ते खेळणारा, जेवलात का म्हणून विचारणारा चोर. त्याला काय हवं असेल? तिने ॲक्सिलरेटर पिळला. गांधीबागेतली दुकानं अर्ध्या शटरआड झोपली होती. तोंडाला बांधलेल्या ओढणीतूनही झळ आत येत होती, आणि बाबांनी तोल सांभाळायला तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात किती हलका झालाय, हे तिला तेव्हा कळलं.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत कूलर चालूच ठेवलेला. समोरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाशेजारी, भिंतीला लागून संगणक होता. त्याच्यापुढे दोन खुर्च्या मांडलेल्या. एक अगदी समोर, उशी घातलेली. दुसरी जरा बाजूला, मागे. कूलरचं तोंड समोरच्या खुर्चीकडे वळवलेलं होतं.

"ही कोणाची खुर्ची?"

"तुही." बाबांनी नजर चुकवली. "म्हणजे... तू तिकडून खेळते ना. मी बाजूले बसतो. माऊसले हात नाही लावत, तुले अडचण नको. तुले गरम होत असंल म्हणून कूलर तिकडे."

"अन् तुम्ही?"

"मी पाहतो. तू विचारते, जेवण झालं का. मी सांगतो. झालं वं, वांगं जरा खारट झालं. आपलं असंच. हवेत."

उशीवर मधोमध खोलगट भाग होता. आई तिथेच बसायची. दोन वर्षांत उशी वर आली नसेल, इतकंच, नूपुरने मनाशी म्हटलं.

पडद्यावरच्या कॅमेऱ्याला आईची मरून टिकली चिकटलेली होती. कॅमेरा झाकून ठेवा, असं नूपुरने एकदा दरडावलं, तेव्हा आईने कपाळावरची काढून तिथे लावली होती. ती आजही तिथेच होती. आज तिच्या कडेने, कॅमेरा चालू असला की दिसतो तसा, बारीक हिरवा उजेड दिसत होता.

तिने इंटरनेटची वायर ओढून काढली. बाण चालत राहिला. म्हणजे जे काही आहे ते दूर बसलेलं नाही. तिने माऊसची वायर काढली. बाणाने चौकटचा गुलाम उचलला, ठेवला. तिने कीबोर्डवरून तपासणी सुरू केली. हिरवी रेघ भरत गेली आणि शेवटी पाटी आली: काहीही आढळले नाही. तुमचा संगणक सुरक्षित आहे. काळजीचे कारण नाही.

ते वाक्य नूपुरनेच लिहिलं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.

असंही असतं, तिला माहीत होतं. रूटकिट म्हणतात. मशीनच्या इतकं तळाशी बसतं की मशीनला विचारलं तर मशीनच म्हणतं, इथे कोणी नाही. पण रूटकिट लपतं. ते कोणाच्या जेवणाची चौकशी करत नाही.

डाव थांबला. कोरा कागद उघडला.

जेवण झालं का?

"नाही वं, अजून..." बाबा सवयीने बोलून गेले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. नूपुरचंही तोंड उघडलेलं होतं. ती बंद करायच्या बटणापर्यंत गेलीच नाही. तिने भिंतीतून प्लग उपटला.

पडदा काळा झाला. हिरवा उजेड गेला. कूलर तेवढा घरघरत राहिला.

"बंद काहून केलं?" बाबा म्हणाले.

"बाबा! ती मी नव्हते."

"समजलं." ते खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होते. "पण विचारत तं होतं ना कोणी. तू तरी कुठं विचारत होती?"

याला नूपुरपाशी उत्तर होतं. उत्तरं तिच्यापाशी नेहमीच असायची. ते न देता ती ताटं काढायला वळली.

६

दोघांनाही भूक नव्हती, तरी ताटं वाढली. सकाळचं वरण, भात, भाकर, वांगं. तशीच परत आलेली चटणीची बरणी बाबांच्या हाताशी, झाकण लावलेलीच. तीन पावलांवर मेलेला संगणक, आणि फरशीवर पडलेली त्याची वायर.

मी आता रोज येईन, असं नूपुरला म्हणायचं होतं. ते कसं म्हणतात, तेच आठवेना.

"वांगं छान झालंय," ती म्हणाली.

"हूं."

"ऊन फार आहे यंदा."

"दर साली असते."

मग पुन्हा कूलर. महिनोन् महिने ती रिकाम्या खोलीत केवढं बोलली होती. आता बाप पुढ्यात बसलाय, तर एक वाक्य पुढे सरकेना. बाबा भाताचे मुटके करून ताटातच फिरवत होते. त्यांचीही तीच गत असावी.

टेबलावर पडलेला तिचा फोन उजळला.

त्यावरही तीच खिडकी होती, बाबांच्या संगणकात उघडणारी. 'संपर्क तुटला', इतकंच तिथे दिसायला हवं होतं. तिथे कोरा कागद होता.

जेवण झालं का?

नूपुरने वायरीकडे पाहिलं. प्लग फरशीवरच होता. तिने फोन उचलला. तिच्या हातातच पुढची ओळ उमटली.

झालं. डबाच. नेहमीचाच.

 हे शब्द तिने रामदासपेठेतल्या बंद खोलीत उच्चारले होते. कुठेही लिहिले नव्हते.

डब्यात तेल फार असते. रविवारी इकडे ये.

येते. वांगं करा.

खारट झालं तर ओरडशील.

नाही ओरडणार, बाबा.

बाबा उठून तिच्या मागे आले. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी तिचा हात धरून फोन लांब केला आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचली. 'खारट'पाशी ते अडकले. मग पुढे गेले. अक्षरं न थांबता येत होती. एका ओळीने दुसरीला मध्येच तोडावं, चिडवावं, मग समजूत घालावी. नूपुर काही बोलली नव्हती, बाबाही नाही. त्या दोघांविना नूपुर आणि बाबा बोलत होते.

"किती छान बोलून राहिले वं," बाबा हळूच म्हणाले.

७

"बंद करते," नूपुर म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान वाटला.

कागदाच्या मागे आणखी एक चौकोन उघडला. गडद, तांबूस, मरून. हातावर उजेड धरला तर बोटांतून दिसतो तसा रंग. ती कॅमेऱ्याच्या आतून दिसणारी टिकली होती, हे कळायला तिला वेळ लागला नाही. तिने मान वळवून संगणकाकडे पाहिलं. पडदा काळा होता, टिकली जागच्या जागी होती.

फोनमध्ये त्या मरून रंगाची एक कड सुटली. तोंड धुण्याआधी आई नखाने टिकली उचलायची, तशी, सावकाश. खाली उजेडाची बारीक फट पडली.

फटीत टेबलाची कड होती. हेच टेबल. दोन ताटं. एका ताटापाशी मनगट दिसलं, त्यात तिचं चांदीचं कडं. त्या हाताने बरणीचं झाकण उघडलं, चमच्याने चटणी घेतली आणि समोरच्या ताटात वाढली. समोरून म्हातारा हात आला, पुरे पुरे करत. तो थरथरत नव्हता. बोटांना बोटं लागली आणि तिथेच राहिली. चेहरे फटीच्या वर होते, दिसत नव्हते. खांद्यांचा थोडा भाग दिसत होता, आणि तो हलत होता. खूप दिवसांनी जुनी गोष्ट निघाली की हलतो तसा.

नूपुरने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एकात फोन होता, दुसरा उष्टा, ताटावर अधांतरी. बरणी लांब होती. झाकण लावलेलं होतं.

तिने अंगठा लाल फुलीवर नेला.

बाबांनी तिचं मनगट धरलं. जोर असा नव्हताच त्या हातात. तिने ठरवलं असतं तर झटकून टाकला असता. कूलर घरघरत होता. ताटातलं वरण गार होऊन त्यावर साय धरत होती. बाबा फटीतून नजर काढत नव्हते, आणि थोड्या वेळाने नूपुरच्या लक्षात आलं की तीही काढत नाहीये.

"राहू दे," बाबा कुजबुजले. "जेवण होऊ दे त्यांचं."